फाइल जाडजूड, विचारायचा सवाल मात्र एकच

अशोक स्तंभ ओलांडून गंगापूर रोडला लागलो की दोन्ही बाजूंना दवाखाने, लॅब, सोनोग्राफी सेंटर आणि मेडिकलची दुकाने दिसू लागतात. जुन्या नाशकातल्या कोकणीपुरा, बागवानपुरा, चौक मंडईतल्या माणसाने 'गंगापूर रोडला जायचंय' म्हटले की घरच्यांचा चेहरा उतरतो. मोहल्ल्यातल्या डॉक्टरने हात टेकले, आता 'मोठ्या डॉक्टर'ला दाखवायचे, असाच त्याचा अर्थ असतो.

गेल्या रमजानच्या आधी मी माझ्या खालाला घेऊन तिकडे गेलो होतो. सोबत तिचा मुलगा होता. रिक्षात तिने मांडीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट धरली होती. पिशवीत चार महिन्यांत जमा झालेले कागद होते. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी, पेट स्कॅनची सीडी, दर महिन्याच्या रक्ततपासण्या आणि एका खासगी लॅबचा रंगीत आलेखांचा भलामोठा रिपोर्ट. स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन गेले होते, केमोचे दोन डोस झाले होते. नुसत्या तपासण्यांवर लाखाच्या वर खर्च झाला होता. त्यासाठी तिच्या दोन बांगड्या सोनाराकडे गहाण पडल्या होत्या.

डॉक्टरांनी रंगीत रिपोर्ट बाजूला सारला, बायोप्सीचा कागद काढला, त्यातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "फिश केली का?"

खालाने माझ्याकडे पाहिले. "मछली का क्या पूछ रहे रे?"

तेव्हा आम्ही सगळेच हसलो. बाहेर आल्यावर मात्र हसू टिकले नाही. त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते की, गाठीतल्या पेशींवर 'हर-टू' नावाचे प्रथिन संशयास्पद प्रमाणात, म्हणजे 'टू प्लस' आहे. खात्रीसाठी फिश तपासणी करावी. ही ओळ चार महिने त्या पिशवीत होती. ती कुणी वाचली नाही, किंवा वाचूनही आम्हाला सांगितली नाही. नंतर ती तपासणी केली, पॉझिटिव्ह आली आणि खालाचा उपचारच बदलला. केमोसोबत ट्रॅस्टुझुमॅब हे औषध सुरू झाले. दर तीन आठवड्यांनी एक डोस, तोही वर्षभर.

खालाच्या घरच्यांनी तपासण्यांत कंजुषी केली, असे कुणीही म्हणणार नाही. ज्यांच्या निकालाने काहीच बदलणार नव्हते, त्या महागड्या तपासण्या झाल्या. जिच्या निकालावर एक अख्खे औषध अवलंबून होते, ती राहून गेली. माझ्या मते आज आपल्याकडे कॅन्सरच्या उपचारातला हा एक मोठा घोळ आहे. म्हणून कुठल्याही तपासणीच्या आधी रुग्णाने किंवा घरच्यांनी एकच सवाल विचारावा, "डॉक्टरसाहेब, या रिपोर्टमुळे उपचारात काय बदलेल?" उत्तर मिळाले तर बांगड्या विकूनही तपासणी करा. उत्तर नसेल तर थांबा.

पसरला का, हे ठरते कसे?

कॅन्सर म्हटले की घरातला पहिला प्रश्न असतो, 'पसरला का?' डॉक्टर त्याचे उत्तर 'स्टेज'मध्ये देतात. स्टेज ठरवण्याची जुनी पद्धत तीन गोष्टी मोजते: गाठ केवढी आहे, काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत आजार पोहोचला आहे का, आणि हाडे, यकृत, फुप्फुस, मेंदू अशा दूरच्या अवयवांत तो गेला आहे का.

ही मोजदाद आजही चुकत नाही, पण ती अपुरी असल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. दोन बायकांची गाठ सारख्याच आकाराची असते, दोघींची काख साफ असते, तरी एकीला आजार पुन्हा गाठतो आणि दुसरी वीस वर्षे ठणठणीत जगते. फरक गाठीच्या आकारात नसून पेशींच्या स्वभावात असतो. म्हणून स्टेज ठरवण्याचे जे अमेरिकी नियम जगभर वापरले जातात, त्यांच्या आठव्या आवृत्तीने १ जानेवारी २०१८ पासून पेशींचा स्वभावही स्टेजच्या हिशेबात धरला. गाठीला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची भूक आहे का, म्हणजे ईआर आणि पीआर; हर-टू जास्त आहे का; पेशी किती बिघडलेल्या आहेत; आणि काही रुग्णांत जनुकांची चाचणी काय सांगते, हे सगळे त्यात आले.

सामान्य माणसाला यातून एवढेच समजून घ्यायचे आहे की, बायोप्सीच्या तुकड्यावर होणाऱ्या ईआर, पीआर आणि हर-टू या तीन तपासण्या म्हणजे ऐच्छिक जोडकाम नव्हे. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी आयुष्य वाचवू शकते. हर-टू 'थ्री प्लस' असेल तर ट्रॅस्टुझुमॅब लागते, शून्य किंवा 'वन प्लस' असेल तर हे औषध सहसा लागत नाही. मधला 'टू प्लस' आला तर पेशीतल्या जनुकाच्या प्रती मोजणारी फिश करावी लागते. ट्रॅस्टुझुमॅब एकेकाळी श्रीमंतांचेच औषध होते. बंगळुरूच्या बायोकॉनने २०१४ च्या सुरुवातीला त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणली, पुढे आणखी कंपन्या आल्या आणि किंमत बरीच उतरली. औषध आवाक्यात आले, तरी ते कुणाला द्यायचे हे सांगणारी तपासणीच राहून गेली, तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय?

काखेतला पहारेकरी

काखेची गोष्टही समजून घेण्यासारखी आहे. पूर्वी स्तनाचे ऑपरेशन म्हटले की काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढत. त्यामुळे अनेक बायकांचा हात कायमचा सुजतो. पीठ मळता येत नाही, बांगडी चढत नाही, कळशी उचलवत नाही. १९९० च्या दशकात शल्यविशारदांनी एक उपाय शोधला. गाठीजवळ निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचायचा, तो काखेतल्या ज्या ग्रंथीत आधी पोहोचेल तेवढीच काढून तपासायची. ही पहारेकरी ग्रंथी साफ असेल तर बाकीच्या ग्रंथींना हात लावायचा नाही.

आता अडचण अशी की, ग्रंथीचे दोन-चार पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर उरलेल्या भागात दडलेल्या पेशी निसटू शकतात. त्यावर रेण्वीय तपासणीचा उपाय आला. ग्रंथी कुटून तिचा द्राव करायचा आणि त्यात स्तनाच्या पेशींचा जनुकीय संदेश सापडतो का ते पाहायचे. हा संदेश निरोगी लसिकाग्रंथीत जवळपास नसतोच, त्यामुळे तो सापडला तर परका पाहुणा आत शिरला आहे हे कळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २००७ मध्ये अशा पहिल्या तपासणीला मंजुरी दिली. जपानच्या सिस्मेक्स कंपनीची 'ओस्ना' ही तपासणी तर रुग्ण ऑपरेशन टेबलावर असतानाच निकाल देते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये ती वापरण्यास हिरवा कंदील दाखवला.

तपासणी अशी बारीक होत असतानाच दुसरीकडे एक गंमत झाली. अमेरिकेतल्या ८९१ महिलांवर झालेल्या एका चाचणीचे निकाल २०११ मध्ये छापून आले. त्यात पहारेकरी ग्रंथीपैकी एक किंवा दोन ग्रंथींत आजार सापडलेल्या महिलांचे दोन गट होते. एका गटाची काख पूर्ण साफ केली, दुसऱ्याची तशीच ठेवली. स्तनाला रेडिएशन आणि गरजेप्रमाणे औषधे दोघींनाही मिळाली. पाच वर्षांनी जिवंत राहिलेल्या महिलांचे प्रमाण पहिल्या गटात ९१.८ आणि दुसऱ्यात ९२.५ टक्के होते. दहा वर्षांनीही चित्र बदलले नाही.

ग्रंथीतल्या मूठभर पेशी शोधणारे यंत्र तयार झाले, त्याच सुमारास अशा रुग्णांत त्या पेशी सापडल्या तरी सगळी काख कापायची गरज नाही, हे सिद्ध झाले. यंत्र खोटे बोलत नव्हते. त्याच्या उत्तराने बदलणारा निर्णयच लहान झाला होता. जास्त बारीक दिसले म्हणजे जास्त फायदा झाला, असा हिशेब वैद्यकात चालत नाही. आपल्याकडे विकत घेताना मात्र आपण तोच हिशेब लावतो.

रक्तातून कळते तर सुई कशाला?

खालाच्या फाइलमधला सर्वांत देखणा रिपोर्ट रक्ताचा होता. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी किंवा त्यांच्या जनुकांचे तुकडे शोधण्याचे तंत्र खरे आहे, त्यात थोतांड काही नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की, पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये ७.५ मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा जास्त पेशी सापडल्या, तर त्या रुग्णांचे आयुष्य तुलनेने कमी असते. मग साहजिकच पुढचा विचार आला. पहिल्या केमोनंतरही पेशी कमी झाल्या नाहीत, तर लगेच दुसरी केमो द्यावी का? त्यावर मोठी चाचणी झाली, निकाल २०१४ मध्ये आला. केमो लवकर बदलल्याने आयुष्य वाढले नाही. तपासणीचे भाकीत खरे होते, पण त्या भाकिताचा रुग्णाला उपयोग करून देईल असे काही डॉक्टरांच्या हाती नव्हते.

याउलट उदाहरणही आहे. पसरलेल्या हार्मोन-पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये काही काळाने 'ईएसआर-वन' नावाच्या जनुकात बदल होतो आणि चालू गोळी निष्प्रभ होऊ लागते. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सेरेना-६ या चाचणीत रक्तातून हा बदल लवकर टिपला आणि स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसण्याआधीच औषध बदलले. आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ ९.२ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. आयुष्य त्याने किती वाढते हे कळायला वेळ लागेल. तरी इथे सवालाला उत्तर आहे: रिपोर्ट आला, तर औषध बदलते.

या क्षेत्रात आपल्या नाशिकचे नावही जगभर गेले आहे. अंबड एमआयडीसीतल्या दातार कॅन्सर जेनेटिक्स या कंपनीच्या स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. पुढच्या वर्षी अपोलो रुग्णालयांच्या साथीने ती भारतात सहा हजार रुपयांत उपलब्ध झाली. द्राक्षे आणि कांद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात असे संशोधन होते, याचा नाशिककर म्हणून मला अभिमानच आहे.

अभिमान बाळगूनही दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. एक, 'ब्रेकथ्रू' दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे. कंपनीला प्रशासनाशी लवकर आणि वारंवार सल्लामसलत करता येते, एवढाच त्याचा अर्थ. दोन, २०२२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ९ हजार ६३२ निरोगी महिला आणि कॅन्सर झालेल्या ५४८ महिलांचे रक्त तपासले होते. निरोगी महिलांत एकही खोटा इशारा निघाला नाही, कॅन्सर असलेल्या ९२ टक्के महिलांत तो पकडला गेला. आकडे उत्तम आहेत. पण कुणाला आजार आहे आणि कुणाला नाही, हे आधीच माहीत असलेले हे दोन गट होते. संशयित गाठ असलेल्या १४१ महिलांच्या दुसऱ्या अभ्यासात कॅन्सर नसतानाही सुमारे सात टक्के महिलांत इशारा निघाला. अशा चाचणीमुळे स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी होतात का, याचे उत्तर वर्षानुवर्षे चालणाऱ्या मोठ्या चाचण्याच देऊ शकतात.

मला भीती वाटते ती या सगळ्याच्या अर्धवट बातमीची. 'आता रक्तातून कॅन्सर कळतो' हे वाक्य मोहल्ल्यात पोहोचले की त्याचा अर्थ 'गाठ दाखवायला नको, सुई टोचायला नको' असा होतो. आपल्याकडे आधीच समज घट्ट आहे की, सुई लावली की कॅन्सर पसरतो. बायोप्सीने आजार पसरून रुग्ण दगावतात, याला पुरावा नाही. उलट बायोप्सीवाचून ईआर, पीआर, हर-टू काहीच कळत नाही. हाताला गाठ लागत असेल तर रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तरी बायोप्सी टाळू नये.

पैसा आहे, तर करून घेतले म्हणून काय बिघडले?

हा युक्तिवाद मला अनेकांनी ऐकवला. खालाच्या मुलानेही ऐकवला, "भाई, दिल को तसल्ली होती." त्याची भावना मला कळते. आई आजारी असताना मुलगा पैशाकडे बघत नाही.

पण बिघडते. पहिले म्हणजे वेळ जातो. खालाची फिश राहिली, त्या चार महिन्यांत घरातला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या रिपोर्टची वाट पाहत होता. सगळे काही तपासले जात आहे, या समाधानात मुख्य तपासणी राहून गेली. दुसरे, तसल्ली मिळतेच असे नाही. दर महिन्याला केलेली सीए १५-३ ही रक्ततपासणी एकदा थोडी वाढली, तेव्हा घरात आठ दिवस चूल नीट पेटली नाही. पुढच्या महिन्यात आकडा आपोआप खाली आला.

लवकर पकडलेल्या, लक्षणे नसलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये सरसकट पेट स्कॅन, सीटी, हाडांचा स्कॅन करू नये, आणि उपचार संपल्यावर त्रास नसताना ट्यूमर मार्करच्या मागे लागू नये, असा सल्ला अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच दिला होता. त्याआधी १९९४ मध्ये इटलीत १,३२० महिलांवर झालेल्या चाचणीने दाखवले होते की, उपचारानंतर वारंवार स्कॅन आणि रक्ततपासण्या केलेल्या महिला इतरांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. गाठ मोठी असेल, काखेत बराच आजार असेल, हाडे दुखत असतील, धाप लागत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा स्कॅन हवाच, कारण आजार दूर पसरलेला निघाला तर उपचाराचा सगळा आराखडा बदलतो.

दुसऱ्या टोकालाही काही लोक आहेत. त्यांच्या मते या सगळ्या जनुकीय तपासण्या म्हणजे निव्वळ लूट. तेही बरोबर नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलरएक्स या चाचणीत दहा हजारांहून अधिक महिला होत्या. हार्मोन-पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काख साफ असलेल्या रुग्णांत गाठीतल्या २१ जनुकांची तपासणी करून बहुतेकींना केमो टाळता येते, हे तिने सिद्ध केले. पन्नाशीच्या आतल्या काही महिलांना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी गाठतो, त्यामुळे ही तळटीप आपल्यासाठी महत्त्वाची. त्या तपासणीचा खर्च लाखांत जातो. बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीने पाच प्रथिनांवर आधारलेली कॅनअसिस्ट ही चाचणी त्याहून कमी खर्चात आणली आहे. केमो द्यावी की नाही, याबद्दल डॉक्टर खरोखर दुविधेत असतील तर अशी तपासणी पैसे वसूल करते. केमो द्यायचीच हे ठरलेले असेल, तर तीच तपासणी शोभेची ठरते.

मोहल्ल्यातली पहिली तपासणी

या सगळ्या रेण्वीय तपासण्या ज्या दाराशी सुरू होतात, त्या दारापर्यंत आपल्या बायका उशिरा पोहोचतात, हे मान्य केले पाहिजे. खालाला गाठ लागली तेव्हा मुलीच्या निकाहची बोलणी चालू होती. गाठ दुखत नव्हती. तिने सात महिने कुणालाच सांगितले नाही, आधी निकाह होऊ दिला. तिने दाखवले तोवर काखेतही गाठ लागत होती. पहारेकरी ग्रंथीची सोय, हात वाचवण्याची शक्यता, या गोष्टी त्या सात महिन्यांत निघून गेल्या. कुठल्याही लॅबला ते परत आणता येत नाही.

जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना स्तनाचा कॅन्सर झाला आणि सुमारे ९८ हजार महिला त्याने दगावल्या. यावर काय करता येते, याचा एक धडा मुंबईनेच दिला आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ महिलांवर एक चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. यंत्र नाही, रक्त नाही, फक्त शिकवलेला हात. वीस वर्षांचे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडलेले रुग्ण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या महिलांत मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे मांडले.

याच रुग्णालयाचे दुसरे संशोधन २०२३ मध्ये आले. ११ केंद्रांतल्या सुमारे सोळाशे महिलांपैकी निम्म्यांना ऑपरेशनच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दातांचे डॉक्टर वापरतात तेच बधिरतेचे औषध, टोचले. पाच वर्षांनी या गटातल्या ९०.१ टक्के महिला जिवंत होत्या, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. खर्च शंभर रुपयांच्या आत. आजार पसरू नये यासाठीचा प्रत्येक उपाय महाग असतो, हा आपला समज यातून तरी ढिला व्हावा.

पर्द्याचा मुद्दा टाळून चालणार नाही. बायकांना बाईच डॉक्टर हवी, ही मागणी रास्त आहे आणि नाशिकमध्ये ती पुरी होऊ शकते. पण तिच्या नावाखाली महिने घालवणे रास्त नाही. जान वाचवण्यासाठी डॉक्टरला दाखवण्याची मुभा दीनने दिलेली आहे, हे आपल्या मौलानांनी जुम्याच्या बयानात एकदा मोकळेपणाने सांगितले तर दहा शिबिरांचे काम होईल. त्याहून अवघड गोष्ट घरातली आहे. फाइल मुलाच्या हातात, बोलणे दिराशी, निर्णय शौहरचा. आणि जिच्या शरीराचा प्रश्न आहे ती बाहेरच्या बाकावर. खालाला तिच्या कॅन्सरचा प्रकार कोणता, हे ऑपरेशननंतरही माहीत नव्हते. आम्ही पुरुषांनी तिला 'टेन्शन' नको म्हणून सांगितले नव्हते. तिला सांगितले असते तर तिने निदान विचारले तरी असते.

बैतुलमालचा पैसा कुठे जावा?

रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या कमिट्यांकडे जकातीचा पैसा येतो आणि त्यातला बराच आजारपणासाठी मागितला जातो. अर्जासोबत जो मोठा अंदाजपत्रकाचा कागद येतो, त्यावर मदत ठरते. पेट स्कॅनसाठी पैसे मिळतात, कारण ते नाव ऐकलेले असते. फिशसाठी कुणी अर्जच करत नाही.

माझी सूचना साधी आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी मदत करताना पहिला पैसा बायोप्सी आणि ईआर, पीआर, हर-टूसाठी द्यावा. टू प्लस आला तर फिश लगेच. त्यानंतर डॉक्टरांनी कारणासह लिहिलेला स्कॅन. त्यानंतर सकाळच्या पंचवटीने दादर गाठून परळला जाणाऱ्या रुग्णाचा आणि सोबतच्या माणसाचा प्रवास व मुक्काम, कारण अनेक उपचार त्यावाचून अर्धवट सुटतात. ऑपरेशन, केमो, रेडिएशनसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ती आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी असून वर्षाला पाच लाखांपर्यंत मदत मिळते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून कागद आधीच तयार ठेवावेत. रक्तातल्या पेशी, जनुकांचे पॅनेल यांचा अर्ज आला तर कमिटीने डॉक्टरांकडून एका ओळीत लिहून घ्यावे की, या निकालाने कोणता उपचार सुरू होईल, बंद होईल किंवा बदलेल. चांगले डॉक्टर या प्रश्नाने नाराज होत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी तर खुर्ची पुढे ओढून कागदावर चित्र काढून समजावले.

खालाचे निम्म्याहून जास्त डोस झाले आहेत. फिश आधीच झाली असती तर किती फरक पडला असता, हे आम्हाला कुणी सांगू शकत नाही, आणि आता ते विचारण्यात अर्थही नाही. तिचा हात सुजतो, ती त्याला पट्टी बांधते, पोळ्या सून लाटते. पिशवी मात्र आता तीच सांभाळते. फाइलच्या पहिल्या पानावर तिने उर्दूत तो सवाल लिहून घेतला आहे आणि नवा कागद हातात आला की डॉक्टरांना स्वतः विचारते, "इससे मेरे इलाज में क्या बदलेगा?"

येत्या रमजानआधी आमच्या कमिटीची बैठक होईल, तेव्हा वरची यादी मी तिथे मांडणार आहे. तुमच्या मोहल्ल्यात अशी कमिटी असेल तर तुम्हीही मांडा.